स्थानिक स्वराज्य : किती स्थानिक, किती स्वराज्य?

२ डिसेंबर २०२५ रोजी मी आमच्या गावच्या नगरपरिषदेसाठी पहिल्यांदा मतदान केले. सोबत आजी होती. मतदान करून बाहेर आल्यावर शाळेच्या पायरीवर टेकत तिने मला विचारले, “एका माणसानं तीन-तीन बटणं कशाला दाबायची गं? आमच्या वेळी एकच शिक्का मारायचो आम्ही. हे ठरवतं कोण?”

“सरकार ठरवतं,” मी म्हणाले.

“कोणतं सरकार? नगरपालिकेचं का मुंबईचं?”

मी राज्यशास्त्राची द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी. स्थानिक शासनसंस्थांवर परीक्षेत दहा-दहा गुणांची उत्तरे लिहिलेली. तरीही आजीच्या प्रश्नाला त्या पायरीवर मला धड उत्तर देता आले नाही. तिच्या प्रश्नात मात्र सारा विषय आला होता. आपल्या गावचा कारभार कसा चालावा हे गाव ठरवते की राज्य ठरवते? ते उत्तर देण्याचा प्रयत्न मी या लेखात करीत आहे.

‘होमरूल’ या शब्दाविषयी

‘होमरूल’ म्हटले की आपणा मराठी माणसांना लोकमान्य टिळक आठवतात. १९१६ मध्ये बेळगावला त्यांनी होमरूल लीगची स्थापना केली, तेव्हा त्यांच्यासमोर अख्ख्या देशाचे स्वराज्य होते. परंतु अमेरिकेत हाच शब्द शहरांच्या कारभारासंबंधी वापरला जातो. तेथे १८६८ मध्ये आयोवा राज्यातील न्यायमूर्ती डिलन यांनी एक तत्त्व सांगितले. शहराची संस्था हे राज्याच्या कायदेमंडळाचे अपत्य आहे. कायद्याने जेवढे अधिकार दिले तेवढेच तिचे, त्यापलीकडे काही नाही, असा त्याचा सारांश. याच्या उलट विचार १८७५ च्या मिसुरी राज्याच्या घटनेत आला. मोठ्या शहराला आपल्या कारभाराची सनद आपणच लिहिण्याची मुभा तिने दिली आणि सेंट लुईस शहराने पुढच्याच वर्षी, १८७६ मध्ये, तशी सनद स्वीकारली. शहराच्या या स्वयंनिर्णयाला तेथे ‘होमरूल’ म्हणतात.

आपल्याकडे या दोहोंपैकी काय आहे? नाव तर मोठे आहे: ‘स्थानिक स्वराज्य संस्था’. पण भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूची उघडून पाहावी. तिच्या पाचव्या नोंदीत स्थानिक शासन हा विषय राज्याच्या कायदेमंडळाकडे सोपविला आहे. म्हणजे नाव टिळकांचे आणि व्यवस्था बरीचशी डिलनसाहेबांची, असा हा प्रकार आहे.

आपल्या जिल्ह्याने पाहिलेले कायदे

लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा सुप्रसिद्ध ठराव १८ मे १८८२ चा. पुणे, सातारा, सोलापूर या भागांत त्याचे परिणाम दिसू लागले. परंतु बिंदुसरेच्या काठी तो पोचला नाही. बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि येथे जिल्ह्याचा कारभार अव्वल तालुकदाराच्या हाती असे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला. त्यानंतर १९५६ मध्ये हैदराबाद जिल्हा नगरपालिका अधिनियम झाला. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना होऊन मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात.

नव्या महाराष्ट्रात नगरपालिकांचे निरनिराळे कायदे चालू होते. जुन्या मुंबई इलाख्याच्या भागात १९०१ व १९२५ चे, विदर्भात १९२२ चा आणि मराठवाड्यात १९५६ चा. हे सारे एकत्र करून राज्याने १९६५ मध्ये एकच कायदा केला. आज त्याचे नाव ‘महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५’ असे आहे. महानगरपालिका सोडल्या तर राज्यातील सर्व शहरे याच कायद्याखाली येतात.

बीड जिल्ह्यात बीड, अंबाजोगाई, परळी वैजनाथ, माजलगाव, गेवराई आणि धारूर या सहा नगरपरिषदा आहेत. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी आणि केज या पाच नगरपंचायती. तालुक्याच्या मुख्यालयाच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायतीचा दर्जा द्यावा, असे धोरण राज्य शासनाने २०१४ मध्ये घेतले. त्यामुळे ही पाच गावे कायद्याच्या भाषेत ‘शहरे’ झाली. शेत तेच, पार तोच, बाजाराचा वारही तोच. पण ग्रामपंचायतीचा कायदा जाऊन दुसरा कायदा लागू झाला. गाव आहे की शहर, हेसुद्धा राज्याच्या अधिसूचनेने ठरते.

वेगळी चूल, पण कोठीची किल्ली थोरल्या घरी

या कायद्याने नगरपरिषदेला पुष्कळ कामे दिली आहेत. कलम ४९ मध्ये तिची कर्तव्ये सांगितली आहेत. रस्त्यावर दिवे लावणे, झाडलोट, गटारे, पिण्याचे पाणी, आग विझविणे, जन्म-मृत्यूची नोंद ही कामे केलीच पाहिजेत. बागा, वाचनालये यांसारखी कामे ऐपतीप्रमाणे करावीत. लोकसंख्येवरून नगरपरिषदांचे तीन वर्ग पाडले आहेत: एक लाखावर ‘अ’, चाळीस हजारांवर एक लाखापर्यंत ‘ब’ आणि त्याखाली ‘क’. २०११ च्या जनगणनेत बीड शहराची लोकसंख्या १ लाख ४६ हजारांच्या घरात होती, म्हणून बीड ‘अ’ वर्गात; धारूर ‘क’ वर्गात.

आता किल्ल्या कोणाकडे आहेत ते पाहू.

पहिली किल्ली माणसांची. नगरपरिषदेचा प्रशासकीय प्रमुख म्हणजे मुख्याधिकारी. तो राज्य शासनाचा अधिकारी असतो. त्याची नेमणूक आणि बदली राज्य करते. ज्या सभेचे ठराव त्याने अमलात आणायचे, त्या सभेला त्याची बदली करता येत नाही.

दुसरी किल्ली ठरावांची. कायद्याचे कलम ३०८ असे आहे की, नगरपरिषदेचा एखादा ठराव बेकायदेशीर वा लोकहिताविरुद्ध वाटला, किंवा त्याने शांतताभंग होण्याचा संभव दिसला, तर जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. नगरपालिकेच्या राजकारणात वावरणाऱ्यांना हा आकडा तोंडपाठ असतो. सभेत हरलेला पक्ष दुसऱ्या दिवशी ‘तीनशे आठ’चा अर्ज घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात जातो. त्याही पुढे कलम ३१३ आहे. त्याखाली राज्य शासन नगरपरिषद बरखास्त करू शकते.

तिसरी किल्ली पैशाची. घरपट्टी, पाणीपट्टी नगरपरिषद वसूल करते. पूर्वी जकात हे तिचे हुकमी उत्पन्न होते. गावच्या वेशीवर नाका असे, मालाची गाडी थांबे, पावती फाटे. व्यापारी त्या नाक्यांना कंटाळले होते हेही खरे. १९९९ मध्ये राज्याने नगरपरिषदांची जकात रद्द केली व त्याबदली अनुदान देण्यास सुरुवात केली. नाका गेला, वाहतूक सुटसुटीत झाली. पण गावाच्या वेशीवर जमा होणारा पैसा त्यानंतर मुंबईहून येऊ लागला. आपण कमावलेला रुपया आणि मागून आणलेला रुपया बाजारात सारखाच चालतो. घरात मात्र त्याचा रुबाब सारखा नसतो.

चौथी किल्ली पाण्याची, आणि आपल्या जिल्ह्यात तर तीच सर्वांत महत्त्वाची. बीड शहराला माजलगाव धरणातून आणि बिंदुसरा प्रकल्पातून पाणी मिळते. पाणी पाजण्याचे कर्तव्य नगरपरिषदेचे. धरणे मात्र राज्याच्या जलसंपदा खात्याची. शहराच्या विकास आराखड्याचेही तसेच. १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार तो नगरपरिषद तयार करते, पण अंतिम मंजुरी राज्य देते.

वेगळी चूल मांडून दिली, स्वयंपाकाची जबाबदारी दिली, पण कोठीची किल्ली थोरल्या घरी ठेवली, असे या व्यवस्थेचे वर्णन करता येईल.

नगराध्यक्ष कोणी निवडायचा?

आजीच्या तीन बटणांचे कोडे येथे सुटते. आमच्या प्रभागातून दोन सदस्य निवडायचे होते, म्हणून दोन बटणे. तिसरे बटण नगराध्यक्षाचे, कारण या खेपेस नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायचा होता.

‘या खेपेस’ असे म्हणण्याचे कारण आहे. १९७४ मध्ये महाराष्ट्रात नगराध्यक्षांची निवडणूक प्रथमच थेट जनतेतून झाली. पुढे ती पद्धत बंद पडली आणि नगरसेवकांनी आपल्यातून अध्यक्ष निवडण्याची पद्धत पुन्हा आली. २००१ मध्ये थेट निवडणूक परत आली. २००६ मध्ये ती पुन्हा रद्द झाली. २०१६ मध्ये पुन्हा आली. २०२० मध्ये सरकार बदलल्यावर रद्द झाली आणि २०२२ मध्ये सरकार पुन्हा बदलल्यावर परत आली.

दोन्ही पद्धतींच्या बाजूने सांगण्यासारखे आहे. नगरसेवकांनी अध्यक्ष निवडायचा म्हटले की सदस्यांना सहलीला नेणे, लपवून ठेवणे, असले प्रकार होतात. पाच-सहा माणसे फुटली की गावाचा कारभार उलटतो. थेट निवडणुकीत हे टळते. परंतु थेट निवडून आलेला अध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहातील बहुमत दुसऱ्या पक्षाचे, असे झाले तर प्रत्येक ठरावावर रस्सीखेच चालते आणि गावाची कामे अडून राहतात. म्हणजे दोन्ही बाजू विचारात घेण्याजोग्या आहेत. माझा आक्षेप वेगळा आहे. या साऱ्या उलटसुलट बदलांत गेवराईला काय हवे, अंबाजोगाईला काय हवे, हे कोणी विचारले? नगराध्यक्षाची खुर्ची गावात असते. तिच्यावर बसण्याची रीत मात्र मुंबईतील सत्तेबरोबर बदलते. खो-खोच्या डावात मध्येच नियम बदलले तर पोरे खेळ सोडून घरी जातील. मतदार घरी जात नाही, तो पायरीवर बसून “हे ठरवतं कोण?” असे विचारतो.

घटनेचे कवच

यावर कोणी म्हणेल, चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीचे काय? ही दुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली आणि तिने फार मोठे काम केले, यात शंका नाही. तोपर्यंत नगरपालिका बरखास्त करून वर्षानुवर्षे प्रशासक बसविणे राज्यांना सहज शक्य होते. या दुरुस्तीने नगरपालिकेची मुदत पाच वर्षे ठरविली. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे. बरखास्त केली तर सहा महिन्यांच्या आत झाली पाहिजे, असे कलम २४३-यू सांगते. निवडणुका घेण्यासाठी स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग आला, पैशाच्या वाटपासाठी राज्य वित्त आयोग आला. बाराव्या अनुसूचीत अठरा विषयांची यादी आली.

पण त्या अठरा विषयांपुढचे क्रियापद नीट वाचावे. राज्याचे कायदेमंडळ हे अधिकार नगरपालिकांना ‘देऊ शकेल’, असे घटना म्हणते. ‘देईल’ असे म्हणत नाही. घटनेने नगरपालिकेचे आयुष्य सुरक्षित केले. तिचे हातपाय किती बळकट असावेत, ते राज्यावर सोपविले.

चार वर्षांचा खंड

आणि आयुष्य तरी सुरक्षित राहिले काय? आपल्या जिल्ह्यातील सहाही नगरपरिषदांच्या निवडणुका २०१६ च्या अखेरीस झाल्या होत्या. पाच वर्षांची मुदत संपली तेव्हा पुढची निवडणूक झालेली नव्हती. कारण क्षुल्लक नव्हते. ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, स्थानिक संस्थांत इतर मागासवर्गीयांना आरक्षण द्यायचे तर आधी स्वतंत्र आयोग नेमावा, त्याने प्रत्यक्ष माहिती गोळा करावी आणि एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांवर जाऊ नये. माहिती तयार नव्हती. आरक्षणाशिवाय निवडणूक घेणे म्हणजे मोठ्या समाजावर अन्याय, आणि निवडणूकच न घेणे म्हणजे साऱ्या गावावर अन्याय, असा पेच पडला.

मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने कायदा करून प्रभागरचनेचा अधिकार निवडणूक आयोगाकडून शासनाकडे घेतला. जुलै २०२२ मध्ये राज्यातील ९२ नगरपरिषदांचा निवडणूक कार्यक्रम जाहीर झाला आणि आठवडाभरात स्थगितही झाला. त्याच महिन्यात बांठिया आयोगाचा अहवाल आला. पुढे प्रकरण न्यायालयात रेंगाळले. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला. २ डिसेंबरला, व काही ठिकाणी २० डिसेंबरला, मतदान होऊन २१ डिसेंबर २०२५ रोजी मते मोजली गेली. ज्या संस्थेची मुदत पाच वर्षांची, तिच्याविना गावांनी जवळजवळ चार वर्षे काढली.

याच जिल्ह्यातील पाच नगरपंचायतींचे मात्र निराळे झाले. त्यांच्या निवडणुका डिसेंबर २०२१ व जानेवारी २०२२ अशा दोन टप्प्यांत पार पडल्या. इतर मागासवर्गीयांसाठी राखलेल्या जागा सर्वसाधारण करून त्या घेतल्या गेल्या. तेथील मागासवर्गीय कार्यकर्त्यांनी हक्काच्या जागा गमावल्या, पण गावांना निवडलेली सभा मिळाली. एकाच जिल्ह्यात, एकाच कायद्याखाली, पाच गावांत सभा भरत होती आणि सहा गावांत प्रशासक होते.

प्रशासक म्हणजे काय, हे मला पुस्तकापेक्षा आमच्या गल्लीने अधिक शिकविले. २०२३ च्या पावसाळ्यात आमच्या दारासमोरचे गटार तुंबून पाणी उंबऱ्याला लागले. आईने माझ्याकडून अर्ज लिहून घेतला आणि आम्ही दोघी गल्लीतल्या माजी नगरसेवकांकडे गेलो. सारी गल्ली त्यांना अण्णा म्हणते. अण्णांनी अर्ज वाचला, चहा दिला आणि अर्ज परत केला. “वहिनी, मी आता माजी हाय. माझ्या शिक्क्याला आता कोण विचारतंय? साहेबालाच भेटा.” साहेबांकडे आणखीही कामे होती, दोन हेलपाटे घालूनही भेट झाली नाही. तिसऱ्यांदा एका कारकुनाने अर्ज घेतला. तो माणूस वाईट नव्हता. पण आमच्या गल्लीचे गटार त्याच्या गल्लीत नव्हते, आणि पुढच्या निवडणुकीत त्याला आमच्या दाराशी यायचे नव्हते. गटार दिवाळीच्या सुमारास उपसले गेले.

त्या वेळी आत्या आमच्याकडे आली होती. तिचे सासर नगरपंचायतीच्या गावी. आईचे गाऱ्हाणे ऐकून ती म्हणाली, “आमचा मेंबर लई काम करतो असं नाही बघ. पण त्याच्या दारात उभं राहून मला भांडता तरी येतं.”

प्रशासकाच्या काळात सभेचे आणि समित्यांचे सारे अधिकार एका अधिकाऱ्याकडे जातात. ठराव मांडणारा तोच, मंजूर करणाराही तोच. विरोधी मत नोंदवायला समोर कोणी नसते. कामे होतातही, काही गावांत ती अधिक वेगाने झाली असे लोक म्हणतात. पण आत्याने जे सांगितले, ते उरत नाही.

मग राज्याने हात काढून घ्यावा काय?

असे मी म्हणणार नाही. गाव म्हणजे केवळ भोळीभाबडी माणसे नव्हेत. गावातही दांडगाई असते, भाऊबंदकी असते. आज नगरपरिषदेच्या निम्म्या जागांवर स्त्रिया निवडून येतात. घटनादुरुस्तीने एकतृतीयांश जागा दिल्या आणि २०११ मध्ये राज्याच्या कायद्याने त्या पन्नास टक्के केल्या. हा निर्णय प्रत्येक गावाच्या मर्जीवर सोडला असता तर किती गावांनी आपण होऊन निम्म्या खुर्च्या बायकांना दिल्या असत्या? मला तरी आमच्या गावाविषयी खात्री देववत नाही. बेकायदा ठराव थांबविणारे कोणी असले पाहिजे, हेही खरे. शिवाय घरपट्टीवर धारूरसारख्या लहान शहराची पाणीयोजना उभी राहणे कठीण. तेथे राज्याचा हात हवाच.

मागणे एवढेच आहे. राज्याने खेळाचे नियम करावेत, पण ते एकदा करावेत आणि पुढील काही निवडणुका तरी तसेच ठेवावेत. मुदत संपण्याआधी प्रभाग, आरक्षण, माहिती यांची तयारी पूर्ण असावी. तिच्या अभावी निवडणूक अडू नये. जे काम गावावर सोपविले, त्याचा पैसा आणि माणसे यांवर गावाचा काही अधिकार असावा. आणि आपणही नगरपरिषदेचे अंदाजपत्रक, तिचे ठराव कधीतरी उघडून पाहावेत. आपल्या घरपट्टीच्या पावतीमागे जो कायदा उभा आहे, तो ज्या गावात कोणी वाचत नाही, तेथे किल्ल्या परत मागणार तरी कोण?

निकालानंतर एका संध्याकाळी आजीला मी हे सारे माझ्या परीने सांगितले. तीन बटणे कोणती, ती कोणी ठरविली, पूर्वी एकच शिक्का का होता. “म्हणजे मुंबईचं सरकार ठरवतं,” ती म्हणाली. मी होय म्हणाले. थोडा वेळ ती गप्प बसली. मग आईला हाक मारून म्हणाली, “अगं, तो गटाराचा अर्ज पुन्हा लिहून ठेव. आता तीन बटणं दाबलीत, तिघांच्या दारात जायचं.”